रोज नवा देह : एका कादंबरीमागचा जुना प्रश्न

अमेरिकन लेखक डेव्हिड लेव्हिथन यांची ‘एव्हरी डे’ ही कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचे पुढे दोन भाग निघाले आणि २०१८ साली त्यावर चित्रपटही झाला. आपल्या घरांतील इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले अशी पुस्तके आवडीने वाचतात. आईवडिलांना मात्र त्यांत काय असते याचा सहसा पत्ता नसतो. म्हणून या एका कादंबरीकडे आणि ती ज्या दीर्घ परंपरेतून आली आहे त्या परंपरेकडे थोडे निवांतपणे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

कादंबरीची कल्पना अशी. सोळा वर्षांचा एक जीव रोज सकाळी नव्या देहात जागा होतो. आज मुलगा, उद्या मुलगी. आज सुखवस्तू घरातील, उद्या लोकांची घरे साफ करून पोट भरणारी. कधी सुदृढ, कधी व्यसनाच्या विळख्यात सापडलेला. देह नेहमी त्याच वयाचा असतो आणि एकदा सोडलेल्या देहात तो जीव पुन्हा येत नाही. त्याला आई नाही, घर नाही, आडनाव नाही. स्वतःसाठी त्याने ‘ए’ हे एकच अक्षर निवडले आहे. कथा सुरू होते तो त्याच्या आयुष्याचा ५९९४ वा दिवस असतो. येथे मराठी लेखकाची एक अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजीत ‘मी’ म्हणून बोलणारा स्त्री की पुरुष हे शेवटपर्यंत न सांगता पाचशे पाने लिहिता येतात. आपल्या भाषेत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ एवढे म्हणताच देहाची खूण पटते. म्हणून मी येथे ‘तो जीव’ असे म्हणतो. ते ‘तो’ व्याकरणाचे आहे, एवढेच वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या जीवाने स्वतःला दोन नियम घालून घेतलेले असतात : कोणात गुंतायचे नाही आणि ज्याचा देह आहे त्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही. एके दिवशी तो जस्टिन नावाच्या मुलाच्या देहात जागा होतो, त्याच्या मैत्रिणीला, रियाननला भेटतो आणि दोन्ही नियम मोडतात. दुसऱ्या दिवसापासून तो वेगवेगळ्या देहांतून तिच्याकडे येत राहतो. आपली सत्यकथा तो तिला सांगतो. ती हळूहळू विश्वासही ठेवते. मग प्रश्न उभा राहतो : चेहरा, आवाज, वर्ण, स्त्रीत्व वा पुरुषत्व हे सारे रोज बदलत असेल, तर जे उरते त्याच्यावर प्रेम करता येते काय?

हा प्रश्न लेव्हिथन यांनी शोधून काढलेला नाही. तो निदान चोवीस शतके जुना आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसाचे जे वर्णन केले, त्यात देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग असा विचार आढळतो. त्याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या शेवटी मृतांचे आत्मे आपापला पुढील जन्म निवडतात अशी कथा आहे. या दृष्टीने पाहिले तर खरा मी म्हणजे आत्मा. देह हे बाहेरचे आवरण, आज एक, उद्या दुसरे. आपल्या देशात तर हा विचार घराघरांत परिचित आहे. आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची परकायाप्रवेशाची कथा मराठी माणसाने लहानपणापासून ऐकलेली असते.

पण त्याच भारतीय कथापरंपरेत या विचाराला अडवणारी एक विलक्षण गोष्टही आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यांपैकी एकीत एका स्त्रीचा पती आणि तिचा भाऊ देवीपुढे आपापली शिरे कापून घेतात. देवी प्रसन्न होते, शिरे धडांना जोडायला सांगते आणि घाईघाईत ती स्त्री पतीचे शिर भावाच्या धडाला व भावाचे पतीच्या धडाला जोडून बसते. आता तिचा पती कोणता? राजा उत्तर देतो : ज्याच्या धडावर पतीचे शिर आहे तो, कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. पुढे १९४० साली जर्मन कादंबरीकार टोमास मान यांनी आणि १९७१ साली गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ या नाटकात हीच कथा नव्याने हाताळली. या दोघांचे समाधान मात्र राजाच्या उत्तराने झाले नाही. कार्नाडांच्या नाटकात काळ जाईल तसे धड शिराप्रमाणे बदलत जाते आणि जे मिळाले असे वाटले होते ते हातून निसटते. धड म्हणजे शिराखाली लटकवलेला अंगरखा नव्हे, एवढे दोघांनाही दिसले होते.

ख्रिस्तमंडळापुढे हा प्रश्न अगदी आरंभीच येऊन ठेपला. दुसऱ्या शतकात अनेक पंथ असे शिकवीत की जड सृष्टी वाईट आहे, देह ही बेडी आहे आणि ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता. त्यांच्याविरुद्ध लिओंचे धर्माध्यक्ष संत इरेनियस यांनी इ. स. १८० च्या सुमारास आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर कार्थेजच्या टर्टुलियनने तर देहाच्या पुनरुत्थानावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे साधे होते : स्नानसंस्काराचे पाणी पडते ते अंगावर, तेल लागते ते अंगाला, आणि लाभ होतो तो आत्म्याला. देहाला वगळून देव माणसाला भेटतच नाही. संत ऑगस्टीन यांनी तरुणपणी नऊ वर्षे मनीच्या पंथात काढली होती आणि त्या पंथात देहाविषयी घृणा होती. ३८७ साली स्नानसंस्कार घेतलेल्या या माणसाने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या भागात देहाच्या पुनरुत्थानाचा कैवार घ्यावा, यात एका आयुष्याचा प्रवास दिसतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना ते म्हणतात की आत्मा हा माणसाचा भाग आहे, संपूर्ण माणूस नव्हे. केवळ आत्मा तरला तर ‘मी’ तरलो असे म्हणता येणार नाही. अनेक श्रद्धावंतांना हे वाचून आजही आश्चर्य वाटेल. कारण मृत्यूविषयी बोलताना आपण सर्रास ‘पिंजरा मोडला, पक्षी उडाला’ असे म्हणतो, आणि तीच ख्रिस्ती शिकवण असे समजतो. ती प्लेटोची शिकवण आहे. १३१२ साली व्हिएन येथील विश्वपरिषदेने आत्मा हा स्वतःच देहाला मानवी रूप देणारे तत्त्व आहे, असे ठरवून टाकले. रविवारच्या मिस्सेत श्रद्धांगीकार म्हणताना आपण आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही. पुनरुत्थानाची आशा बोलून दाखवतो.

मग युरोपात हा विचार मागे कसा पडला? त्याचा धागा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्यापर्यंत जातो. त्याच्या मानवी आकलनावरील प्रसिद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ साली, त्याने ओळखीवर एक नवे प्रकरण घातले. त्यात तो एक कल्पना करतो : एका राजपुत्राचा आत्मा, राजपुत्राच्या सगळ्या आठवणींसह, चांभाराच्या देहात शिरला तर तो कोण? लोक त्याला चांभारच म्हणतील, पण व्यक्ती म्हणून तो राजपुत्र आहे, असे लॉकचे उत्तर. व्यक्ती म्हणजे जाणीव आणि स्मृती यांची सलगता. लेव्हिथन यांचा ‘ए’ हा या राजपुत्राचा वंशज आहे. त्याच्याजवळ आठवणींशिवाय काही नाही. कादंबरीत तर त्याचे एकमेव स्थिर घर म्हणजे एक ई-मेलचे खाते. कोणत्याही देहातून ते उघडता येते आणि त्यात तो आपले दिवस साठवून ठेवतो.

लॉकला उत्तर देणारेही निघाले. १७८५ साली स्कॉटलंडच्या थॉमस रीडने एक उदाहरण दिले. एका मुलाला बागेतील फळे चोरल्याबद्दल शाळेत मार बसला. मोठा होऊन तो शूर अधिकारी झाला आणि म्हातारपणी सेनापती झाला. अधिकाऱ्याला शाळेतला मार आठवतो. सेनापतीला तरुणपणीचे शौर्य आठवते, पण शाळेतला मार आठवत नाही. मग स्मृती हीच ओळख असेल तर सेनापती आणि तो मुलगा एकच माणूस आहे की नाही? रीडचा हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आज स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली वडीलधारी माणसे आहेत. मुलाचे नाव विसरलेली आई, पत्नीला परकी समजणारा पती यांच्याबाबत लॉकचे गणित लावले तर अंथरुणावर कोण आहे, असे म्हणायचे? घरातली सून याचे उत्तर रोज देत असते. ती त्या देहाला न्हाऊ घालते, भरवते आणि ‘आई’ म्हणते. आठवण गेली तरी आई गेलेली नाही, हे तिला कोणत्याही ग्रंथाशिवाय कळते. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हे दृश्य कित्येकदा पाहिलेले असते.

तत्त्वज्ञानातून हा प्रश्न कथावाङ्मयात गेला, आणि नवल असे की तेथे त्याने वारंवार भारताचा आधार घेतला. १८५६ साली फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए यांनी ‘अवतार’ नावाचीच दीर्घकथा लिहिली. तिच्यात ऑक्ताव्ह नावाचा एक तरुण एका विवाहितेच्या प्रेमात झुरत असतो. भारतात राहून गूढविद्या शिकलेला एक डॉक्टर त्याचा आत्मा तिच्या पतीच्या देहात घालतो. देह तर हुबेहूब पतीचा! पण ती पतिव्रता त्या डोळ्यांतली नजर पाहते आणि दार लावून घेते. १८८२ साली एफ. ॲन्स्टी या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाची ‘व्हाइस व्हर्सा’ ही विनोदी कादंबरी आली. तिच्यात भारतातून आणलेल्या ‘गरुड’ नावाच्या मण्यामुळे बाप मुलगा होतो आणि मुलगा बाप होतो. शाळेतले दिवस किती सुखाचे असे मुलाला ऐकवणाऱ्या बापाला त्या शाळेत जाऊन मार खावा लागतो. १९७२ साली अमेरिकेत मेरी रॉजर्स यांनी ‘फ्रीकी फ्रायडे’मध्ये तेरा वर्षांच्या मुलीला एका दिवसासाठी आईच्या देहात ठेवले. या सर्व कथांत एक समान सूत्र आहे. देह बदलल्याने दुसऱ्याचे दुःख कळते, पण अखेर ज्याने त्याने आपापल्या देहात परतावे लागते. ते परतणे हीच कथेची सुखान्त गाठ असते. गोतिएच्या ऑक्ताव्हचा आत्मा परत आला नाही, म्हणून ती कथा शोकान्त झाली.

दरम्यान अमेरिकेत कुमारवयीनांच्या कादंबरीचे एक वेगळे दालन उभे राहिले होते. १९६७ साली एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका स्वतः अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून या दालनाने ‘मी कोण?’ हाच प्रश्न आपला मानला. सोळाव्या वर्षी तो सर्वांनाच पडतो, आणि आरशासमोर पडतो. लेव्हिथन यांनी जुनी देहबदलाची कथा या दालनात आणली, पण एक फरक करून : त्यांच्या जीवाला परतायला स्वतःचा देहच ठेवला नाही.

आता कादंबरी पुढे काय करते ते पाहू, कारण माझ्या मते तिचे खरे मोल तेथे आहे. देहापलीकडचे प्रेम शक्य आहे हे सिद्ध करायला निघालेली ही कथा पदोपदी देहालाच अडखळते. केल्सी नावाच्या एका मुलीच्या देहात तो जीव जागा होतो. ती खोल नैराश्यात असते आणि आत्महत्येचा बेत तिने वहीत लिहून ठेवलेला असतो. तो जीव निराश नाही, पण त्या देहात शिरताच त्यालाही तोच काळोख घेरतो. म्हणजे दुःख केवळ मनाचा दुबळेपणा नसते, ते देहाच्या घडणीतही असते. तो आपला नियम मोडून तिच्या वडिलांना सर्व सांगतो. आपल्या समाजात अजूनही असे मूल दिसले की ‘प्रार्थना कर, बरे वाटेल’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रार्थना हवीच. पण त्याबरोबर डॉक्टरही हवा, हे या एका प्रकरणातून पालकांना कळले तरी पुस्तक वाचल्याचे सार्थक होईल.

दुसरी गोष्ट रियाननची. ती भल्या मनाची मुलगी आहे, तिला प्रेम करायचे आहे. पण आज मुलगी, उद्या अतिशय स्थूल मुलगा अशा रूपांत तो समोर येतो तेव्हा तिचे मन थबकते. लेखक तिला दोष देत नाही. तिला हात धरायचा आहे आणि तो हात उद्याही तोच असावा असे वाटते. आपण याला उथळपणा म्हणू नये. लग्नाच्या शपथा घेताना आजारपण, आरोग्य, सुख, दुःख यांचा उच्चार होतो, कारण तेथे एक जाणीव दुसऱ्या जाणिवेला वचन देत नाही. म्हातारा होणारा एक देह तशाच दुसऱ्या देहाला वचन देत असतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नेथन नावाच्या मुलाचा देह या जीवाने एका रात्री आपल्या भेटीसाठी वापरला आणि मध्यरात्र व्हायच्या सुमारास त्याला रस्त्याच्या कडेला सोडून दिले. जागा झालेला नेथन ‘मला भूताने पछाडले होते’ असे सांगत सुटतो. पुढे एक पाद्री भेटतो. (लेखकाने या पाद्र्याला फारसे चांगले रंगवलेले नाही, हे आम्ही मंडळींनी खेळकरपणे घ्यावे.) त्याच्याकडून कळते की एकाच देहात कायमचे राहता येते. म्हणजे प्रेम मिळेल, घर मिळेल, उद्याचा दिवस मिळेल. किंमत एवढीच की ज्याचा तो देह आहे त्याचे आयुष्य कायमचे जाईल. तो जीव नकार देतो. अलेक्झांडर नावाच्या एका चांगल्या मुलाच्या देहात असताना तो रियाननची त्याच्याशी ओळख करून देतो आणि स्वतः दूर निघून जातो. देह म्हणजे केवळ कपडा असता तर एखादा चोरायला काय हरकत होती? नकार देताना त्या जीवाने मान्य केले की हा देह म्हणजे अलेक्झांडरच आहे. प्लेटोच्या बाजूने सुरू झालेली कथा नकळत अक्वायनसच्या अंगणात येऊन पोहोचते.

पुस्तकातील सर्वच गोष्टी आपल्याला पटतील असे नाही. प्रेमाला स्त्रीपुरुष असा भेद नसावा ही लेखकाची भूमिका आहे आणि ती त्याने उघडपणे मांडली आहे. ख्रिस्तसभेची विवाहविषयक शिकवण वेगळी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांतून देहाच्या अर्थावर शंभराहून अधिक प्रवचने दिली. स्त्री आणि पुरुष म्हणून घडलेला देह हीच स्वतःचे दान करण्याची भाषा आहे, असे त्यांनी त्यांत समजावून सांगितले. हा मतभेद लपवू नये आणि त्यासाठी पुस्तक मुलांच्या हातून हिसकावूनही घेऊ नये. हिसकावलेले पुस्तक मुले लपून वाचतात, आणि लपून वाचलेल्या पुस्तकावर घरात बोलणे होत नाही. स्वतःविषयी संभ्रमात असलेले एखादे मूल आपल्याच घरात असू शकते. त्याला आधी ऐकून घेतले जावे, हा त्याचा हक्क आहे.

कादंबरीचा एक टोला तर आपल्यालाच आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीचा रंग, उंची, बांधा यांची चौकशी करणारे आपणच असतो. ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस’ हे वाक्य अजून आपल्या घरांतून हद्दपार झालेले नाही. जाड मुलाला टोपणनावे ठेवणारे, कोड असलेल्या मुलीचे लग्न कसे व्हायचे म्हणून तिच्यासमोरच उसासे टाकणारे नातलग आपल्याच पंगतीत बसतात. अशा शेऱ्यांवर वाढलेल्या मुलाला ‘मी म्हणजे हा देह नव्हेच’ असे सांगणारे पुस्तक सुटकेसारखे वाटले तर नवल नाही. देहाचा अपमान आपण करायचा आणि देहाचा तिरस्कार करू नकोस असे मुलांना सांगायचे, हे जमणार नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानानंतरचे प्रसंग या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखे आहेत. मरिया मग्दालियाला तो माळी वाटतो, चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ती त्याला ओळखते. म्हणजे माणूस केवळ रूपात नाही. पण त्याच अध्यायात थोमाला त्याची ओळख पटते ती जखमांवरून. गौरवी देहातही खिळ्यांचे व्रण पुसले गेलेले नाहीत. जे सोसले ते त्या देहाबरोबरच राहिले. चेहऱ्यापलीकडे पाहणे आणि व्रणांना हात लावणे, दोन्ही एकाच अध्यायात आहेत.

ज्या घरात हे पुस्तक आले असेल तेथे आईवडिलांनीही ते वाचावे आणि जेवताना मुलांना एवढेच विचारावे : शेवटी तो जीव तो देह सोडून का गेला? मुलांचे उत्तर काय येते ते शांतपणे ऐकावे. आणि घरात नाव विसरलेली आजी असेल, तर तिलाही त्याच टेबलापाशी बसवावे.